पाणी, कचरा, ड्रेनेज आधी की चौक आधी? महापालिकेच्या पैशाचा क्रम

खामकाठ

परवा आईशी फोनवर बोलत होते. मध्येच "थांब, पाणी सुटलं" म्हणाली आणि फोन तसाच चालू टाकून पळाली. पलीकडून आधी नळातल्या हवेची फुसफुस ऐकू आली, मग बादलीत पडणारी पहिली धार. मी फोन ठेवला नाही, ऐकत बसले. माझं सगळं लहानपण त्या आवाजात गेलंय.

आमचं घर छत्रपती संभाजीनगरला, सिडकोत. ज्यांच्याकडे रोज नळ येतो त्यांच्यासाठी पाण्याचा दिवस कसा असतो ते सांगते. आदल्या रात्री ड्रम रिकामे करायचे. उरलेलं शिळं पाणी फरशीला आणि संडासला. नळाच्या तोंडाला पांढरं फडकं बांधायचं. पहिल्या दोन बादल्या गढूळ, त्या कुंड्यांना. मग हंडा, कळशी, माठ, त्यानंतर जिन्याखालचा हौद आणि सगळ्यात शेवटी निळे ड्रम. या क्रमात चूक चालत नाही, कारण पाणी किती वेळ राहील ते ठाऊक नसतं. पिण्याचं आधी भरायचं, वापरायचं नंतर. पाहुण्यांना आम्ही वार विचारूनच बोलवायचो.

आईचा हा क्रम सात वर्षांच्या पोरालाही कळतो. शहराच्या अंदाजपत्रकातही तो दिसायला हवा, एवढंच मला म्हणायचंय.

शहराला पाणी मिळतं जायकवाडी धरणातून. त्याच्या नाथसागर जलाशयाचा जिवंत साठाच सुमारे ७६ टीएमसी आहे. म्हणजे धरणात पाणी नाही म्हणून नळाला नाही, असं बहुतेक वर्षी म्हणताच येत नाही. पैठणकडून फारोळ्याला शुद्धीकरण, तिथून उपसून नक्षत्रवाडी, मग शहरातल्या टाक्या. हा भार वर्षानुवर्षे दोन जुन्या जलवाहिन्यांनी ओढला: ७०० मिलिमीटरची सत्तरच्या दशकातली, १४०० मिलिमीटरची नव्वदच्या सुरुवातीची. शहर सातारा-देवळाईपर्यंत पसरलं, वाहिन्या त्याच राहिल्या. समांतर जलवाहिनीचं काम खासगी कंपनीकडे गेलं, २०१४ मध्ये शहराचा पाणीपुरवठाच तिच्या हाती दिला गेला आणि २०१६ मध्ये करार रद्द झाला. मग १६८० कोटींची नवी योजना आली, डिसेंबर २०२० मध्ये भूमिपूजन झालं. पुढे ती केंद्राच्या अमृत २ या निधी योजनेत गेली तेव्हा आकडा २७४० कोटींवर पोचला होता. उच्च न्यायालयाच्या खंडपीठाला कामावर लक्ष ठेवावं लागलं.

याच काळात शहरात बाकीची कामं चालूच होती. स्मार्ट सिटीतून बस आल्या, रस्ते झाले, जुन्या दरवाजांची डागडुजी झाली. फेब्रुवारी २०२३ मध्ये जी-२० अंतर्गत डब्ल्यू-२० ची, म्हणजे महिलांच्या गटाची, बैठक झाली तेव्हा भिंती रंगल्या, चौक उजळले. दरवाजे नीट झाल्याचा मला मनापासून आनंद आहे. पण पाहुणे येणार म्हणून जे काम काही आठवड्यांत होतं, ते रहिवासी तहानलेले असताना पंधरा-वीस वर्षे का रखडतं?

कायद्यात क्रम लिहिलेला आहे, हे मला अलीकडे कळलं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९. कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कामं आहेत: पाणी, मैला-सांडपाणी, रस्त्यांची झाडलोट, दिवाबत्ती, दवाखाने, प्राथमिक शाळा, स्मशानं. कलम ६६ मध्ये ऐच्छिक: बागा, संग्रहालयं, नाट्यगृहं आणि अशी बरीच. ऐच्छिक म्हणजे वाईट नव्हे. पण माठ भरायच्या आधी कुंड्यांना पाणी घालायचं नसतं.

तुमच्या शहरात पैशाचा क्रम कसा आहे? लिहा, सविस्तर लिहा.

---

जमाखर्च_निवृत्त

ताई, मी एका महापालिकेत लेखा विभागात तीस वर्षे काढली. शहराचं नाव लिहीत नाही. तिथले लोक अजून नोकरीत आहेत, आणि जे सांगतोय ते एकट्या त्या शहरापुरतं नाही.

तुम्ही क्रम खर्चाच्या बाजूला शोधताय. तो बिघडतो जमेच्या बाजूला.

प्रशासन अंदाजपत्रक स्थायी समितीला देतं तेव्हा आकडा बऱ्यापैकी जमिनीवर असतो. मग समितीतून कामं वाढतात. प्रत्येकाला आपल्या वॉर्डात रस्ता हवा, सभामंडप हवा, कमान हवी. खर्च वाढला की जमा वाढवावी लागते, कारण दोन्ही बाजू जुळायला हव्यात. मालमत्ता कराची वसुली मागच्या वर्षी जेवढी झाली त्याच्या दुप्पट धरायची. नगररचना शुल्क वाढवून धरायचं. जागा विकून येणारे पैसे धरायचे, त्या जागेचा निविदेचा कागदही नसताना. सर्वसाधारण सभेत टाळ्या पडतात. ऑक्टोबर उजाडेपर्यंत आम्हाला कळलेलं असतं की चाळीस टक्केसुद्धा जमा होणार नाही. पण वर्कऑर्डरी निघालेल्या असतात. बिलं साचतात, पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ती 'दायित्व' म्हणून पहिल्याच पानावर उभी राहतात, आणि नव्या वर्षाचा पैसा जुन्या कामांत जातो.

अशा वेळी कात्री कुठे लागते? पगार थांबवता येत नाही. वीजबिल थांबवलं तर पंप बंद पडतो. कर्जाचा हप्ता बँक आपोआप कापते. राहते देखभाल-दुरुस्ती. व्हॉल्व्ह बदलणं, गळती काढणं, चेंबरची झाकणं, गटार साफ करायच्या जेटिंग मशीनचे सुटे भाग, पंपाचं रिवाइंडिंग. यातलं काहीही या वर्षी केलं नाही तर या वर्षी काही कोसळत नाही. म्हणून दरवर्षी तिथेच कापलं जातं.

एक प्रसंग आजही डोळ्यांपुढे आहे. मार्चअखेर, रात्री साडेनऊ. ड्रेनेज दुरुस्तीच्या लेखाशीर्षात, म्हणजे त्या खर्चाच्या खात्यात, थोडी रक्कम शिल्लक होती. ती एका प्रवेश कमानीसाठी वळवायचा प्रस्ताव माझ्या टेबलावर आला. ड्रेनेजचे उपअभियंता स्वतः खाली उतरून आले. त्यांच्या हातात एका गल्लीचा नकाशा, त्यावर लाल पेनाने चार गोल. "इथे लाइन बसलीय, पावसाळ्यापूर्वी हे चार तुकडे तरी करू द्या," एवढंच ते म्हणत होते. नियमाप्रमाणे वळवणं बरोबर होतं, कागदपत्र पुरे होते. मी सही केली. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात त्या गल्लीतल्या घरांत मैलापाणी शिरलं. ती सही मी विसरलेलो नाही.

---

मुठेकाठी

पुण्यातून. काका, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. सही केल्याचं तुम्ही इथे लिहिलंत, त्याबद्दल आदर वाटतो.

आमच्याकडे क्रमाचा प्रश्न नदीत दिसतो. मुळा-मुठेत जाणारं सांडपाणी शुद्ध करायला जपानच्या जायका या संस्थेच्या कर्जातून प्रकल्प ठरला. करार जानेवारी २०१६ मधला, ११ शुद्धीकरण केंद्रं, एकूण क्षमता रोज ३९६ दशलक्ष लिटर. तो वर्षानुवर्षे रेंगाळला. दरम्यान मार्च २०२२ मध्ये नदीकाठ सुधारणेचं भूमिपूजन झालं, ४४ किलोमीटर काठाचं काम. बंडगार्डनच्या बाजूला काठ बांधून झाला तेव्हा मी वडिलांना फिरायला घेऊन गेले. बाक चांगले, दगडी पायऱ्या चांगल्या. वडील दहा मिनिटांत नाकाला रुमाल लावून म्हणाले, "चल घरी." आधी पाणी, मग काठ, असं झालं असतं तर ते तासभर बसले असते.

दुसरी गोष्ट समाविष्ट गावांची. २०१७ मध्ये ११ गावं पुण्यात आली, २०२१ मध्ये आणखी २३. बांधकाम परवानग्या आणि मालमत्ता कर लगेच सुरू झाले, पाणी-ड्रेनेज मागून येत राहिलं. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी भागात जीबीएस (गुइलेन-बॅरे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले. हातापायातली शक्ती जाते, काहींना व्हेंटिलेटर लागतो, काही जण दगावले. संशय पाण्यावर गेला, तपासणीत जंतूही सापडले. तिथल्या विहिरीचं पाणी क्लोरिन टाकून सोडलं जायचं, शुद्धीकरण केंद्र नव्हतं. गाव घेतलं त्याच दिवशी त्याच्या पाण्याच्या केंद्राची तरतूद अंदाजपत्रकात यायला नको का?

आणि नगरसेवकांची 'स' यादी, म्हणजे त्यांनी सुचवलेली वॉर्डातली कामं! पेव्हर ब्लॉक उखडून पुन्हा पेव्हर ब्लॉक, कापडी पिशव्या, बाकडी. काका म्हणतात ती दुरुस्ती त्या यादीत मला क्वचित दिसली.

---

करभरणारा

सगळं खरं, पण नाण्याची दुसरी बाजू कोणी मांडत नाही. पाणी हवं, पाणीपट्टी नको. संभाजीनगरचंच घ्या. वर्षाची पाणीपट्टी ४०५० रुपये होती. २०२२ मध्ये आंदोलनं झाली, मोर्चे निघाले आणि ती २००० वर आणली. अमृतमध्ये महापालिकेचा वाटा ३० टक्के, म्हणजे २७४० कोटींतले ८२२ कोटी. पट्टी अर्धी करणाऱ्या शहराने ते आणायचे कुठून? मुंबईतही जानेवारी २०२२ पासून ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ. माफी देणारा लोकप्रिय होतो, वसुली करणारा अधिकारी बदलून जातो. मी दरवर्षी एप्रिलमध्ये सवलतीच्या मुदतीत कर भरतो. माझ्या सोसायटीत थकबाकीदारही आहेत आणि सगळ्यात मोठी तक्रार त्यांचीच असते.

---

खामकाठ

करभरणारा, कर भरायलाच हवा, यावर माझा वाद नाही. पण ४०५० चा हिशेब माझ्या आईच्या अंगणातून बघा. आठवड्यातून एकदा पाणी म्हणजे वर्षात ५२ वेळा. तेवढ्यासाठी ४०५०. वर टँकर, वर पिण्याचा जार, वर बोअरची मोटर जळाली की तिचं वाइंडिंग. आमच्या गल्लीत पाणीपट्टीपेक्षा जास्त पैसे प्रत्येक घर टँकर आणि जारवर घालवत होतं. लोक पाण्याचे पैसे देत होतेच की, ते महापालिकेच्या तिजोरीत जात नव्हते. रोज तासभर स्वच्छ पाणी द्या, हीच माणसं टँकर बंद करून तुमची पट्टी आनंदाने भरतील. आणि नळ नसलेल्या वस्तीतल्या बायका हातगाडीवर ड्रम ठेवून पाणी विकत आणतात. लिटरमागे सगळ्यात महाग पाणी त्यांनाच पडतं.

पट्टी अर्धी केली तेव्हा आईला आनंद झाला नव्हता. "म्हणजे अजून बरीच वर्षं असंच," असं ती म्हणाली होती.

---

लालबागचा_मधला_मजला

मुंबईचं उदाहरण वेगळं, कारण इथे पैसा नाही असं कोणी म्हणू शकत नाही. २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटींचं, त्यातले ४३ हजार कोटींहून जास्त भांडवली कामांना. सात तलावांतून रोज पाणी येतं. आमच्या पणजोबांच्या पिढीने तानसा-वैतरणा बांधून ठेवल्याचे उपकार आहेत ते.

पण बेस्टची बससेवा बघा. त्याच अंदाजपत्रकात बेस्टला १००० कोटी. ९ मे २०२५ पासून साध्या बसचं किमान भाडं ५ चं १० झालं, वातानुकूलितचं ६ चं १२. बस कायद्याने ऐच्छिक सेवा असेल, पण आमच्या मजल्यावर धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींना ती अन्नाइतकीच बंधनकारक आहे. त्या दोन बस बदलून येतात. भाडं वाढल्यापासून परतीचा एक टप्पा चालत जातात, गुडघे धरून. सागरी किनारा रस्ता झाला, मीही त्यावरून गेलोय, काम देखणं आहे. पण त्यावरून बहुतेक खासगी गाड्या जातात, आणि बसच्या थांब्यावर माणसं पाऊण पाऊण तास उभी असतात.

म्हणून ताई, कलम ६३ आणि ६६ ची यादी जशीच्या तशी घेऊ नका. ती १९४९ ची आहे, आमचा मुंबईचा कायदा तर १८८८ चा. आज आवश्यक काय, याचा विचार नव्याने करायला लागेल.

---

वस्तीतली_बाई

मी झोपडपट्टीतल्या शाळेत शिकवते. बाग ऐच्छिक, असं वर वाचलं आणि थोडं टोचलं. आमच्या मुलांची घरं दहा बाय दहाची. अभ्यासाला आणि खेळायला त्यांना जागा आहे ती एकच, पालिकेची अर्ध्या एकराची बाग. तिथे दिवे लागले तेव्हापासून सातवीच्या मुली संध्याकाळी तिथे बसून वाचतात. बंगल्यांच्या भागातली बाग आणि आमची बाग एकाच लेखाशीर्षात असते, पण तिचा अर्थ वेगळा असतो.

माझं भांडण दुसऱ्या गोष्टीशी आहे. सार्वजनिक शौचालय बांधायला पैसे येतात, ते झाडायला आणि त्यात पाणी सोडायला येत नाहीत. आमच्याकडे नवीन टाइल्सचं शौचालय चार महिन्यांत कुलूपबंद झालं. फोटो काढून झाले होते. मोटर जळाली, दुरुस्त करणार कोण, हे ठरलेलंच नव्हतं. मोठ्या मुली पाळीच्या दिवसांत शाळेतच येत नाहीत. काका म्हणतात ती देखभाल म्हणजे आमच्याकडे मुलींची हजेरी आहे.

---

झाडूवालीची_लेक

बाईंना मनापासून नमस्कार. माझ्या आईने एका शहरात बावीस वर्षे रस्ते झाडले, आधी रोजंदारीवर, मग कंत्राटदाराकडे. पहाटे साडेपाचला हजेरीच्या शेडवर. हातमोजे वर्षातून एकदा यायचे, ते पहिल्याच महिन्यात फाटायचे. पुढे ती स्वतः जुन्या साडीच्या पट्ट्या बोटांना गुंडाळून जायची.

इथे सगळे पाइप आणि पंप बोलताय. शहर चालवणारे हात आस्थापना खर्चात, म्हणजे पगाराच्या खात्यात, असतात. आस्थापना खर्च जास्त झाला म्हणून भरती बंद, भरती बंद म्हणून कंत्राट, आणि कंत्राटात भविष्य निर्वाह निधी भरला की नाही ते बाईला कळतच नाही. सुरक्षेच्या साधनांशिवाय गटारात माणूस उतरवायला २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. तरी माणसं उतरतात, कारण मशीन बंद असतं. मशीन का बंद असतं, ते जमाखर्च काकांनी वर लिहिलंच आहे. सुटे भाग.

आणि २०१८ चा संभाजीनगरचा कचरा आठवा. तीन दशकांहून जास्त काळ शहराचा सगळा कचरा नारेगावला पडत होता. फेब्रुवारीत गावकऱ्यांनी गाड्या अडवल्या. त्यांच्या विहिरी नासल्या होत्या, माश्यांनी जेवण अशक्य झालं होतं. शहरात ढीग लागले. मार्चमध्ये गाड्या मिटमिट्याकडे वळवल्या तेव्हा तिथे दगडफेक, लाठीमार, जाळपोळ झाली. ओला-सुका वेगळा करायची यंत्रणा आधी उभी केली असती तर ती वेळ आली नसती. संकट आल्यावरच चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल, कांचनवाडीच्या प्रकल्पांना गती आली. त्या दिवसांत नाक दाबून ढीग उपसणाऱ्या बायकांचे फोटो कोणी छापले नाहीत.

---

खामकाठ

ताई, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. ते दिवस मी पाहिलेत. औरंगपुऱ्यात दुकानांसमोर लोक कचरा पेटवायचे, धुराने डोळे चुरचुरायचे. शहराला रोज कोण जगवतं, ते तेव्हा कळलं.

बाई आणि लालबागकर, तुम्ही मला दुरुस्त केलंत. बाग आणि बस मी कलम बघून बाजूला सारली. यादीपेक्षा बरी कसोटी अशी असेल: जे बंद पडल्यावर ज्यांच्याकडे दुसरा उपाय नाही, त्यांचं आधी. ज्याला बोअर आहे त्याने थांबावं, जिच्याकडे फक्त हंडा आहे तिने नाही.

जमाखर्च काका, एक विचारायचंय. आमच्याकडे एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली आणि मग वर्षानुवर्षे प्रशासकच होते. इतर शहरांतही तेच. विचारायला नगरसेवक नाही, अशी ही वर्षं गेली. माझ्यासारख्या साध्या माणसाने अंदाजपत्रकाच्या त्या जाड पुस्तकात नेमकं बघायचं काय?

---

जमाखर्च_निवृत्त

ताई, पुस्तक जाड असलं तरी सुरुवातीला तीनच जागा बघा.

एक, प्रत्येक लेखाशीर्षापुढे आकड्यांचे रकाने असतात: मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, सुधारित अंदाज आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. भाषणात शेवटचा आकडा वाचतात. तुम्ही पहिला वाचा. जलवाहिनी दुरुस्तीला दरवर्षी मोठी तरतूद आणि प्रत्यक्षात त्याच्या चौथाई खर्च, असं तीन वर्षं दिसलं की समजा, ते कागदावरचं पाणी आहे.

दोन, जमेकडे मालमत्ता कर आणि पाणीपट्टीची प्रत्यक्ष वसुली बघा, आणि ती पुढच्या वर्षी किती धरलीय ते. उडी मोठी असेल तर उरलेली सगळी कामं हवेत आहेत.

तीन, दायित्वाचा आकडा. तो कधी कधी पुस्तकात नसतोच. माहिती अधिकारात एका ओळीचा अर्ज करा: ३१ मार्चअखेर प्रलंबित देयकांची विभागनिहाय यादी द्यावी. 'विभागनिहाय' हा शब्द विसरू नका, नाहीतर एकच एकूण आकडा हातात ठेवतील.

अंदाजपत्रक यायच्या आधी, डिसेंबर-जानेवारीत प्रभाग कार्यालयात लेखी पत्र द्या. पुण्यात नागरिकांकडून कामं मागवायची पद्धत बरीच वर्षं आहे. बाकी ठिकाणी पद्धत नसली तरी आवक-जावकला शिक्का मारून पत्र घ्यावंच लागतं. पत्रात "पाण्याची सोय करा" लिहू नका. गल्ली कोणती, व्हॉल्व्ह कुठला, कुठे गळतंय, किती दिवसांपासून, एवढं लिहा. असं पत्र अभियंत्याच्या हातात पडलं की त्याला वर भांडायला कागद मिळतो. त्या रात्री आमच्या उपअभियंत्यांच्या हातात लाल गोलांचा नकाशा होता, पण त्या गल्लीतल्या एकाही माणसाचं पत्र नव्हतं.

---

मुठेकाठी

काका, 'विभागनिहाय' लिहून घेतलं. आमच्या प्रभागाच्या पाणी आणि ड्रेनेजच्या लेखाशीर्षांचे तीन वर्षांचे प्रत्यक्ष खर्च काढायला बसतेय. तक्ता झाला की इथेच टाकते. नांदेड गाव, धायरीचे कोणी वाचत असतील तर सांगा, त्या गावांचे वेगळे काढावे लागतील.

---

झाडूवालीची_लेक

मला पण घ्या. हातमोजे, गमबूट आणि जेटिंग मशीनच्या दुरुस्तीचा रकाना मी बघते.